ओइवाची शेवटची तीन पावलं

पडायचं कसं हे ओइवाला शिकवायला चिगुसाला सात आठवडे लागले होते. ते शिकवणं टिकणार की कापलं जाणार, हे आज संध्याकाळी पाच वाजता ठरायचं होतं.

ओइवा काही खराखुरा माणूस नव्हे. मारामारीच्या एका नव्या व्हिडिओ गेममधला तो बंदरावरचा धिप्पाड हमाल, ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेला. चिगुसा मोरिवाकी एका छोट्या कंपनीत ही गेममधली माणसं हलती-चालती करायचं काम करायची. एकेका हालचालीची चित्रं काढायची, आणि मशीन ती सेकंदाला साठ फ्रेमच्या वेगानं पडद्यावर फिरवायचं. आणि आज, चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी, तो गेम पहिल्यांदा लोकांच्या हातात पडत होता. ओसाकात, निप्पोनबाशीच्या ‘तेन्गु’ गेम सेंटरात, एक दिवसाच्या चाचणीसाठी दोन मशीनं एकमेकांना जोडून पाठीला पाठ लावून ठेवली होती. सकाळी दहाला शटर वर गेलं तेव्हा बाहेरची रांग कोपऱ्यावरच्या रेडिओच्या दुकानापर्यंत पोचली होती.

चाचणीचा एक शिरस्ता असतो. गेम बनवणाऱ्यांनी आपली ओळख द्यायची नाही. गिऱ्हाइकासारखं गर्दीत उभं राहायचं, तोंड बंद ठेवायचं, कान उघडे ठेवायचे. चिगुसा थंड चहाचा डबा हातात धरून खांबाला टेकली होती. शेजारी, तिला ओळखत नसल्यासारखे, गेमचे दिग्दर्शक त्सुकुदासान घोड्यांच्या शर्यतीचं वर्तमानपत्र वाचत उभे होते.

“त्सुकुदासान,” ती ओठ न हलवता म्हणाली, “पेपर उलटा धरलाय तुम्ही.”

“माहितेय मला,” ते म्हणाले आणि दोन मिनिटांनी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं त्यांनी तो सुलटा केला.

त्सुकुदासान तसे वाईट नव्हते. चिगुसा बाळंतपणानंतर कामावर परत आली तेव्हा ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी ती आता येणारच नाही असं धरून तिची खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकली होती. त्सुकुदासाननी ती परत आणवली. पण काम? ठोसे वाटले गेले होते, लाथा वाटल्या गेल्या होत्या, आगीचे लोळ तर कधीच संपले होते. “पडणी उरलीत,” ते म्हणाले होते, “पडणी करा तुम्ही.”

पडणी म्हणजे हरलेल्याचं चितपट होणं. आजवर त्याकडे कोणी काम म्हणून पाहिलंच नव्हतं. शेवटचा घाव बसला की गडी मागे उडायचा, पाठीवर आपटायचा, चाळीस फ्रेममध्ये खेळ खलास. सगळे गडी एकाच साच्यातले. पैलवान असो की साठीची म्हातारी, उडायचे सारखेच.

चिगुसानं आधी तेच केलं. मग एका रविवारी तिची अकरा महिन्यांची मिचिरु टेबलाचा पाय सोडून पहिल्यांदा चालली. तीन पावलं. पहिलं ठाम, मोठ्या माणसासारखं. दुसरं जरा शंकेचं. तिसऱ्याला तिचा उजवा हात एकदम बाजूला फेकला गेला, जणू हवेतच कुठेतरी कठडा असणार. कठडा नव्हता. तेव्हा तिनं सगळीकडे पाहिलं, हे कोणी केलं असं विचारल्यासारखं, आणि मग फतकल मारून बसली. चिगुसाला हसू आलं. पोर पडत नव्हतं, पोर उभं राहायचं सोडत नव्हतं. पडणं आपोआप झालं होतं.

सोमवारी तिनं ओइवाचं पडणं पुसून टाकलं आणि नव्यानं काढायला घेतलं. घाव बसल्यावरही हा पहाड लगेच कोसळायचा नाही. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसऱ्याला हात हवेत, मान वळलेली, आणि मग आधी गुडघे, मग सगळं. एकशे बारा फ्रेम.

“एकशे बारा!” त्सुकुदासान खुर्चीतून उठले होते. “मोरिवाकीसान, मागे रांग लागलेली असते हो. मेला की मेला. हा काय सून-नातवंडांचा निरोप घेऊन जाणारे?”

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी तोडगा निघाला. चाचणीच्या दिवशी गल्ल्याजवळ दोरीनं बांधलेली एक वही असते, खेळणारे तिच्यात मनातलं लिहितात. पाच वाजेपर्यंत त्या वहीत ओइवाच्या पडण्याबद्दल एक जरी तक्रार आली, तर तीन पावलं कापायची आणि पुन्हा चाळीस फ्रेमचा साचा. नाही आली, तर राहील.

“एकसुद्धा?” चिगुसानं विचारलं होतं.

“एकसुद्धा.”

पहिले दोन तास तसेच गेले. मग ओइवा पहिल्यांदा हरला. पहिलं पाऊल पडलं तसा मशीनभोवतीचा कालवा थांबला. दुसऱ्याला कोणीतरी ओरडलं, “अरे, उभा राहतोय! उभा राहतोय!” तिसऱ्याला हात हवेत गेला आणि ओइवा कोसळला तेव्हा गर्दीतनं एक लांबलचक “आऽऽऽ” निघाला, लहान मुलाच्या हातचा फुगा सुटावा तसा. चिगुसानं चहाचा डबा इतका घट्ट दाबला की तो चेमटला.

“बरं आहे,” वर्तमानपत्रामागून आवाज आला. “पण पाच वाजायचेत अजून.”

दुपारी एकच्या सुमाराला गोंडा आला. विशीतला पोरगा, पिवळे रंगवलेले केस, ‘तेन्गु’चा राजा. त्यानं त्सुबामे ही चपळ पोरगी निवडली आणि बसल्या बसल्या समोर येईल त्याला लोळवायला सुरुवात केली. सात, दहा, चौदा. चौदा जण उठून गेले. हात असे चालायचे की पाहत राहावं. पण त्याला एक खोड होती. समोरचा हरला की हा थांबायचा नाही. पडत्याला, पडलेल्याला, फेरी संपेपर्यंत लाथा घालत राहायचा. त्यानं गुण वाढत नसत, काहीच होत नसे, नुसतं खिजवणं. मशीनं पाठीला पाठ असल्यामुळे समोरच्याचं तोंड दिसत नाही, तेवढीच लाज कमी.

“मेलेल्याला कशाला रे मारतोस?” मागून एकानं विचारलं.

“मेलाय की नाही खात्री करतोय!” गोंडा म्हणाला आणि त्याचे दोघे मित्र खिदळले.

पंधरावा गडी पलीकडे येऊन बसला तो कुरोमोन बाजारातला ईल मासे भाजणारा तेइजीकाका. पन्नाशी उलटलेला, डोक्याला पंचा, पायात रबरी बूट, अंगाला कोळशाचा आणि गोड सोयाचा वास. पोरं आपोआप दोन बोटं सरकली. काकानं यादीवरनं नजर फिरवली आणि ओइवावर थांबवली.

“ह्याला माझ्यासारखं पोट आहे,” तो म्हणाला. “हाच घेऊ.”

काकाला डाव येत नव्हते असं नाही, पण तो मासा सोलावा तसा, घाई न करता खेळायचा. पहिली फेरी गोंडानं घेतली, लांबून मारलेल्या लाथांसकट. दुसरी काकानं घेतली, म्हणजे गोंडा एका लाथेपुरता गाफील राहिला आणि ओइवानं त्सुबामेला उचलून आपटलं. “ओऽऽ!” झालं. तिसऱ्या फेरीला गर्दी दोन्ही बाजूंनी मशीनवर झुकली. पडद्यावर दोघांच्या उरलेल्या जिवाच्या पट्ट्या भराभर उतरत गेल्या. शेवटी गोंडाकडे केसाएवढा लाल दोरा उरला, काकाकडेही तेवढाच. आणि त्सुबामेची उडी बसली.

ओइवा हरला. पहिलं पाऊल.

“आणि हे घे वर!” गोंडा ओरडला, त्सुबामेला पुढे नेऊन पोटात लाथा हाणायला लागला. दुसरं पाऊल. लाथ, लाथ. तिसरं पाऊल, ओइवाचा हात बाजूला फेकला गेला, आणि त्सुबामे हवेत उडून पाठीवर आपटली.

मग ओइवाही पडला. दोघं शेजारीशेजारी पडून राहिले. पडद्यावर अक्षरं आली: बरोबरी. फेरी पुन्हा.

मग तेन्गुचं छप्पर उडालं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, एक म्हातारा तर आपली टोपी काढून नाचवत होता.

“मेलेल्यानं मारलं! अरे, मेलेल्यानं मारलं!”

“मी काही केलं नाही हो!” पलीकडून काका ओरडला. “माझे हात तर मांडीवर होते!”

गोंडाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. पुन्हा खेळलेल्या फेरीत त्याची बोटं धड चालेनात. काकानं त्याला सरळसरळ हरवलं. चौदा विजय, आणि पंधराव्याला रबरी बूट. तो उठला, मशीनला वळसा घालून काकासमोर येऊन उभा राहिला.

“हे खोटं आहे! गेमच फुटका आहे!”

“मग मला कशाला सांगतोस, बाळा?” काका म्हणाला. “मी ईल भाजतो.”

गोंडा गल्ल्याकडे गेला. दोरीला बांधलेली पेन्सिल उचलून त्यानं वहीत असं काही खरडलं की तिचं टोक मोडलं, आणि तो बाहेर निघून गेला.

चिगुसाला वही बघायची गरज नव्हती. तरी ती गेली. ‘ओइवा मेल्यावर मारतो. तीन पावलं काढून टाका. भिकार.’

मागून त्सुकुदासान येऊन खांद्यावरनं वाचत होते. “हे कसं झालं?” ते हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण त्यानं अधिकच भीती वाटली.

चिगुसाच्या डोक्यात तोवर सगळं लख्ख दिसलं होतं. मशीनच्या पोटात चित्रांना जागा मोजकीच. तिसऱ्या पावलाचा तो फेकलेला हात तिनं नव्यानं काढलाच नव्हता. ओइवाच्या बाजूच्या ठोशातलं एक चित्र होतं, हात अगदी तसाच, मिचिरुसारखा. तिनं ते उचलून तिथे लावलं होतं आणि वाचलेल्या जागेत मान वळवलेला चेहरा काढला होता. पण ठोशाच्या चित्राला एक अदृश्य लाल चौकट चिकटलेली असते. ती ज्याला लागेल तो मार खातो. चित्राबरोबर चौकटही आली. ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ऑफिसात पडलेल्याला कोणी लाथ मारत नाही. तिथे सगळ्यांना पुढची फेरी सुरू करायची घाई.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “ठोशाचं चित्र वापरलं मी. चौकट काढायला सांगायचं राहिलं.”

तिनं कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवरून ऑफिसला फोन लावला. इनुई, त्यांचा प्रोग्रॅम लिहिणारा, ऑफिसात गाद्यांच्या ढिगावर झोपला होता.

“मेलेल्यानं मारलं?” तो एकदम जागा झाला. “खरंच? किती लोकांसमोर?”

“हसू नकोस, इनुई. चौकट काढायला किती वेळ लागेल?”

“चौकट? दहा मिनिटं. नव्या चिपवर प्रोग्रॅम उतरवायचा, सायकलवर टाकून आणतो. पण मोरिवाकीसान… काढायलाच पाहिजे का?”

ती परत आली तेव्हा त्सुकुदासान खांबाला टेकले होते. “चौकट काढली तरी तक्रार राहतेच,” ते म्हणाले. “एकसुद्धा, असं ठरलंय. पाचपर्यंत गेम आहे तसाच चालू दे. रात्री कापू.”

“हो,” चिगुसा म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? वहीचं ते पान दोऱ्यातनं सुटत आलं होतं, एक हिसका दिला असता तर हातात आलं असतं. तिनं वही मिटली, मोडक्या पेन्सिलीला टोक केलं आणि ती परत दोरीला अडकवली. चुकलंय ते चुकलंय. फक्त तो वळलेला चेहरा आता कोणी बघणार नाही, एवढंच तिला राहून राहून टोचत होतं.

पण तासाभरात तेन्गुमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

बातमी पसरली होती. कुरोमोनचे मासेवाले दुकानं पोरांवर सोडून आले. शेजारच्या मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानातले विक्रेते आले, गळ्यातल्या ओळखपत्रांसकट. जो तो ओइवा घ्यायला लागला आणि जो तो ओइवाशी लढायला. आणि चिगुसाच्या डोळ्यांसमोर गेम बदलायला लागला. ओइवाला हरवलं की जिंकणारे आता बटणांवरचे हात काढत नव्हते. “मागे हो, मागे हो!” गर्दी ओरडायची, “अजून चालतोय!” जिंकलेला गडी उड्या मारत मागे जायचा, हात छातीशी घेऊन आडोसा धरायचा आणि ती तीन पावलं पडेपर्यंत कोणी श्वास घेत नव्हतं. ओइवावाले त्याहून बेरकी निघाले. मरणार हे दिसलं की मुद्दाम समोरच्याला बिलगून मरायचे.

“मिठीत मरतोय बघ हलकट!”

“एक! दोन!” सगळे मोजायला लागले. “तीऽऽन!” आणि हात हवेतनं फिरला, कोणाला लागला नाही, तर सुस्कारा, आणि लागला तर आरडाओरडा अगदी रस्त्यापर्यंत.

“पाहिलंत?” चिगुसाला राहवलं नाही. शिरस्ता विसरून तिनं त्सुकुदासानच्या बाहीला धरलं. “त्याचं पडणं बघतायत! शेवटच्या फ्रेमपर्यंत बघतायत!”

“पाहतोय,” ते म्हणाले. वर्तमानपत्र केव्हाच खाली पडलं होतं आणि कोणाच्या तरी पायाखाली होतं.

साडेचारला गोंडा परत आला. मित्र नव्हते बरोबर. पलीकडच्या मशीनवर तेइजीकाका ठाण मांडून बसला होता. आतापर्यंत त्याला सगळे ‘मेलेले काका’ म्हणायला लागले होते. गोंडा बसला, त्सुबामे घेतली. गर्दीनं वाट दिली आणि पुन्हा मिटली.

पहिली फेरी गोंडाची. ओइवा पडताना त्यानं लाथ मारली नाही. पण मागेही झाला नाही, तिथेच उभा राहिला, हिंमत असेल तर मार असं म्हटल्यासारखा. हात फिरला. त्याचं नशीब, बोटभर लांबून गेला.

“नशीब खातोय पोरगा!”

दुसरी काकाची. तिसऱ्या फेरीत घड्याळ उतरत होतं आणि दोघांच्या पट्ट्यांत केसाएवढा लाल दोरा उरला होता, दुपारसारखाच. चिगुसानं तोंडावर हात ठेवला. त्सुबामे खाली वाकली, लाथ फिरवली, पायावर घाव. ओइवा संपला.

पहिलं पाऊल. ओइवा तिच्या अंगावर झुकला होता, बिलगून.

“एक!”

गोंडानं मशीनची काठी, म्हणजे जॉयस्टिक, मागे ओढली. त्सुबामेनं एक उडी मागे घेतली. मग तिनं आडोसा धरला.

“दोन!”

ओइवाचा पाय शंकेनं पडला. सेंटरातली दुसरी मशीनं बोंबलत होती, पण ती आता कोणाला ऐकू येत नव्हती.

“तीऽऽन!”

हात फेकला गेला. त्सुबामेच्या आडोशावर एक ठिणगी उडाली. हात लागला होता, पण अडवला गेला होता. ओइवानं मान वळवून सगळीकडे पाहिलं, हे कोणी केलं असं विचारल्यासारखं, आणि त्याचे गुडघे टेकले, आणि मग सगळाच पहाड खाली आला. गोंडाचे हात अजून काठीवरच होते. अंग जमिनीला लागलं, घंटा वाजली, तेव्हा कुठे त्यानं हात सोडले.

टाळ्या पडल्या. पण आधी कोणाला वाजवायच्या हे कोणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी दोघांनाही वाजवल्या.

गोंडा उठून वळसा घालून आला. “काका,” तो म्हणाला, “मेल्यावरपण लई मारता तुम्ही.”

“आणि तू जिंकल्यावरपण लई घाबरतोस,” काका म्हणाला. “बस, ईल खातोस का? पिशवीत आहे.”

गोंडा खाऊ लागण्याआधी गल्ल्याशी गेला. वही उघडली, दुपारची ओळ शोधली आणि पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. एक नाही, चार रेघा. त्याखाली लिहिलं: ‘पावलं राहू द्या. बाकीच्यांना पण द्या.’

पाच वाजले. त्सुकुदासान वही घेऊन दारातल्या उजेडात गेले. त्यांनी ते पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. चिगुसा त्यांच्या मागे उभी होती.

“शाळेत मी तलवारबाजीच्या संघात होतो,” ते एकाएकी म्हणाले. “आमच्यात घाव बसल्यावर गडी आनंदानं उड्या मारायला लागला तर पंच गुण परत घेतात. घाव घातल्यावरही मन समोरच्यावर पाहिजे. शेवटच्या सामन्यात माझा गुण गेला तो असा. मूठ वर केली होती मी.” त्यांनी वही मिटली. “वीस वर्षं ते मला अन्याय वाटत होतं.”

“म्हणजे…”

“म्हणजे खोडलेली तक्रार मी तक्रार धरत नाही. इनुईला सांगा, लाल चौकट काढायची नाही. बोटभर लहान करायची, बस. उगाच लांबच्याला लागायला नको.”

चिगुसानं मान डोलावली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि चाचणीत रडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे सगळे बघतात.

“आणि बाकीचे सात गडी,” ते म्हणाले. “प्रत्येकाचं पडणं वेगळं. म्हातारीचं वेगळं, पैलवानाचं वेगळं. गेम सुरू होताना पडद्यावर दिसते ती आग आहे ना, ती काढून टाकतो. तिची जागा तुम्हाला. जमेल?”

“सात,” ती म्हणाली. “सात वेगवेगळी पडणी.”

“कुठून आणाल?”

ती तोवर कोपऱ्यावरच्या फोनपाशी पोचली होती. आईनं फोन उचलला, मागून मिचिरुचं ओरडणं आणि काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता.

“आई, मिचिरु काय करतेय?”

“काय करणार? उभी राहते आणि पडते. उभी राहते आणि पडते. मी तर हात धरून बसलेय तिचा.”

“सोड! हात सोड, आई!” चिगुसा फोनमध्ये इतक्या जोरात ओरडली की रेडिओच्या दुकानातला माणूस डोकावला. “गाद्या पसर सगळीकडे आणि सोड तिला. नाही, थांब, आत्ता नको. मी येतेय. अर्ध्या तासात येतेय. तोवर तिला पडू देऊ नकोस!”